माशाचा काटा आणि क्वालिटी डिपार्टमेंट

भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कारखान्यात क्वालिटीवाल्यांच्या केबिनमध्ये डोकवा. व्हाइटबोर्डवर माशाचा सांगाडा काढलेला दिसेल. उजवीकडे डोकं, मधून आडवा कणा, कण्याला वरून तीन आणि खालून तीन तिरके काटे. डोक्यात अडचण लिहायची: 'गिअरला बर', 'रंगाला फोड', 'कस्टमरकडून माल परत'. काट्यांवर कारणं लिहायची: माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप आणि भोवताल. काओरू इशिकावा या जपानी प्राध्यापकांनी ही आकृती रूढ केली आणि आमच्या पट्ट्यात ती अशी काही रुजली, की नव्या ट्रेनी पोराला मासा आधी काढता येतो आणि व्हर्निअर नंतर धरता येतं.

फळ्यावर एवढे मासे काढणाऱ्यांपैकी पाण्यातला मासा बाहेर काढलेले मात्र फार थोडे. गरजही कुठे पडते म्हणा! मासे रविवारी सकाळी पिंपरीच्या बाजारात मिळतात. साफ करून, तुकडे पाडून, काळ्या पिशवीत. त्याखेरीज शहराचा जिवंत माशाशी संबंध येतो तो गप्पी माशांपुरता. मलेरिया विभागाची माणसं डासांच्या अळ्या खाण्यासाठी म्हणून हे पेराएवढे मासे साठलेल्या पाण्यात सोडून जातात. मग सोसायटीतली मुलं त्यांना बिस्किटं घालतात. पोट भरलेला गप्पी अळीकडे ढुंकूनही बघत नाही. सोसायटीच्या सभेत तक्रार होते ती डासांची, बिस्किटांचा विषय कुणी काढत नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना बेअर ग्रिल्सने घोटाळा केला. हा इंग्रज गृहस्थ विमानातून उडी मारतो, ओढ्यात हात घालून मासा धरतो आणि डोक्याकडून कच्चाच चावतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर खुद्द पंतप्रधान त्याच्याबरोबर कॉर्बेटच्या जंगलात फिरताना दिसले आणि आमच्या पट्ट्यातल्या एचआर विभागांना राहवेना. तोवर टीम बिल्डिंग म्हणजे दोरी ओढणं, नाहीतर डोळे बांधून सहकाऱ्याच्या अंगावर पडणं. आता 'सर्व्हायव्हल कॅम्प'. जागा ठरलेली. पवना धरणाचा काठ, एकीकडे तिकोना, दुसरीकडे तुंग, मध्ये तंबू, शेकोटी, आणि शेकोटीपासून हाकेच्या अंतरावर मॅगीची टपरी. जंगलात हरवल्यावर जगायचं कसं, ते या टपरीच्या ट्यूबलाइटच्या उजेडात शिकवतात.

वास्तविक आमच्या लोकांना हे शिकवायची काय गरज? पावसाळ्यात संध्याकाळी साडेसहाला चाकणचा तळेगाव चौक ज्याने ओलांडला, त्याला आणखी कसलं सर्व्हायव्हल शिकवणार? 1660 साली शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी पन्नासहून जास्त दिवस किल्ला झुंजवला. आज त्याच गावात कंटेनरांच्या वेढ्यात कंपनीची बस अडकते, तेव्हा आतली मंडळी मागच्या सीटवरून पुढे शेंगदाणे फिरवत तग धरतात. खानाचं लष्कर निदान पुढे तरी सरकत होतं.

तर आमचाही कॅम्प निघाला. ऐन आषाढात. प्रशिक्षक लष्करी ठिपक्यांची पँट घातलेला, गळ्यात शिट्टी. "समजा तुम्ही विमान अपघातातून वाचला आहात," त्याने सुरुवात केली. डिस्पॅचच्या एकाने लगेच विचारलं, "सामान मिळालं का?" प्रत्येक गटाला चार सेफ्टी पिना, नायलॉनची दोरी, एक चाकू आणि एक रिकामी बाटली मिळाली. संध्याकाळपर्यंत मासा धरा, नाहीतर उपाशी झोपा. यातला दुसरा भाग कुणी मनावर घेतला नाही, कारण जेवणाचा टेम्पो येताना सगळ्यांनीच पाहिला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. धरणातली मासेमारी सरकार मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने देतं. म्हणजे विमान पडलं तरी आधी संस्थेला विचारायचं. एचआरच्या मॅडमनी तसं पत्र आणलं होतं, दोन प्रतींत. सेफ्टीवाल्यांनी पाण्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट चढवलं आणि काठाला पिवळी पट्टी बांधली. त्याला मी हसलो नाही. पवना धरणात मजेत उतरून बुडालेल्यांच्या बातम्या दर उन्हाळ्या-पावसाळ्यात येतात, आणि त्यात पट्टीचे पोहणारेही असतात.

मग काम सुरू झालं. डिझाइनच्या इंजिनिअरने बांबूला चाकू बांधून भाला केला. पाण्यातला मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, म्हणून नेम त्याच्या खाली धरायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, कोन अमुक, खोली तमुक, असं गणित त्याने मोबाइलवर मांडलं. उत्तर अचूक आलं. तोवर मासा तुंगच्या बाजूला गेला होता. प्रॉडक्शनवाल्यांनी बाटलीचं तोंडाकडचं टोक कापलं, उलटं करून बाटलीतच बसवलं आणि आत पोळीचा तुकडा टाकून ती उथळ पाण्यात दगडाखाली ठेवली. ही युक्ती चांगली आहे. आत शिरलेल्या माशाला निमुळतं तोंड परत सापडत नाही. त्यांना करंगळीएवढे मासे मिळालेही, पण त्यांनी लगेच तासाला किती, माणशी किती याचा तक्ता केला आणि त्या नादात बाटली कलंडली.

परचेसच्या माणसाने काही केलं नाही. तो टपरीवाल्याकडे गेला आणि खाली गावात चिलापी काय भावाने मिळते ते विचारून आला. मला अजूनही वाटतं, त्या दिवशी जंगलात जगायची खरी लायकी त्याच्या एकट्याच्या अंगी होती.

क्वालिटीने काय केलं ते सांगायला नको. शेकोटीच्या राखेपाशी, ओल्या मातीत, काडीने मासा काढला. डोक्यात लिहिलं: 'मासा लागत नाही'. 'माणूस' या काट्यावर 'प्रशिक्षण अपुरे', 'माल' या काट्यावर 'सेफ्टी पिनेला उलटं टोक नाही' (हे खरंच महत्त्वाचं, गळाला उलटं टोक नसेल तर लागलेला मासा दोरी सैल पडताच सुटतो), आणि 'भोवताल' या काट्यावर 'मासा सहकार्य करत नाही'. नंतर पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आली. मासा का लागत नाही? आमिष खात नाही म्हणून. का खात नाही? भूक नाही म्हणून. भूक का नाही? काठावर आयतं मिळतं म्हणून. आयतं का मिळतं? पर्यटक उरलेली मॅगी पाण्यात टाकतात म्हणून. ती का उरते? इथे मीटिंग थांबली. निष्कर्ष काढायला तास गेला. पण खरं सांगतो, निष्कर्ष चुकीचा नव्हता.

या सगळ्या धावपळीत एक साधा हिशेब कुणी केला नाही. अशा प्रसंगी जीव वाचवणाऱ्या गोष्टींच्या यादीत अन्न शेवटी येतं. ढोबळमानाने सांगतात, की माणूस हवेशिवाय तीन मिनिटं, पाण्याशिवाय तीन दिवस आणि अन्नाशिवाय तीन आठवडे काढतो. त्यातून मासा म्हणजे प्रथिनं. ती पचवून त्यातला नको तो भाग बाहेर टाकायला शरीराला पाणी लागतं. प्यायला पाणी नसेल तर मासा खाण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं. आणि मिळतं तरी किती? शंभर ग्रॅम चिलापीत साधारण शंभर कॅलरी. वडापावात तीनशेच्या आसपास. म्हणजे दिवसभर काठावर ताटकळून पावकिलोचा मासा धरला, त्याचं डोकं, आतडी, काटे, खवले काढून टाकले, तर हाती येतो तो एका वडापावाचा तिसरा हिस्सा. उभं राहण्यात, ओरडण्यात आणि एकमेकांना सूचना देण्यात त्याहून जास्त खर्च होतं.

आमचे प्लँट हेड तर भगव्या रंगाचं चकाकतं जॅकेट घालून, कातळाच्या टोकावर ताठ उभे राहून, गळ टाकून बसलेले... म्हणजे उभेच होते. तेवढ्यात कँटीनचे मामा मागून आले. मामांना कारखान्यात सगळेच मामा म्हणतात. त्यांचं मूळ गाव याच धरणाच्या पाण्यात गेलं. कॅम्पवर त्यांना चहासाठी आणलं होतं.

"साहेब, खाली बसा जरा," मामा म्हणाले. "त्याला तुमची सावली दिसतीय."

"मामा, तुम्हाला येतं का हे?"

"येतं म्हंजे काय... लहानपणी शाळा चुकवून हेच तर केलं. पाय आपटू नका कातळावर. त्याला कळतं."

त्याला खरंच कळतं. माशाच्या दोन्ही अंगांना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्यातली हालचाल नि धक्के जाणवतात. काठावर पाय आपटला की तळातल्या माशाला वर्दी पोचते. तेव्हा साहेब बसले. कारखान्यात त्यांना बसायला सांगण्याची हिंमत आजवर कुणी केली नव्हती.

मामांनी मग जे केलं ते मी जवळून पाहिलं. पोळ्यांसाठी भिजवलेल्या कणकेतला गोळा घेतला. तंबूतल्या प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस काढून तंतू तंतू सुटा केला आणि कणकेत मळला, म्हणजे गोळी पाण्यात चटकन विरत नाही. चिमूटभर हळद. दोरीचं एक टोक काठावरच्या खुंटीला, दुसऱ्याला दगड, आणि मध्ये हात-हात अंतरावर आखूड दोऱ्या सोडून एकेक गळ. त्यांच्या डबीत खरे गळ होते, बऱ्याच दिवसांचे, तेल लावून ठेवलेले. काही गळांना कणीक, काहींना टपरीमागच्या शेणखतातलं गांडूळ. अंधार पडता पडता दगड लांब भिरकावला आणि मामा झोपायला गेले.

"मामा, लक्ष कोण ठेवणार?" शिफ्ट इन्चार्जने विचारलं. त्यांना बिनमाणसाची रात्रपाळी पटत नव्हती.

"गळ ठेवतोय की!"

जगण्यासाठी मासे धरायचे तर युक्ती हीच. हातात काठी धरून बसलेला माणूस वेळ नि ताकद दोन्ही घालवतो. लावून ठेवलेला गळ, सापळा किंवा जाळं तुम्ही लाकडं गोळा करताना, झोपलेले असतानाही काम करतं. मासे खायला निघतात ते पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि मुक्काम करतात तो कातळाच्या आडोशाला, ओढा येऊन मिळतो तिथे, झाडाच्या सावलीत. दुपारी बारा वाजता उघड्या काठावर बारा माणसं उभी करणं, ही पद्धत फक्त फोटोसाठी चांगली.

मामांनी त्या रात्री चढणीच्या माशांचं सांगितलं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढे भरून वाहू लागले, की धरणातले, नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून थेट भाताच्या खाचरात. मावळात अशा रात्री बत्ती घेऊन अख्खं गाव बाहेर पडायचं. टोपली, जुनं लुगडं, फाटकी मच्छरदाणी, जे हाताला लागेल ते जाळं. अर्थात अंड्यांनी भरलेली मादी सरसकट उचलली तर पुढच्या वर्षी चढायला कोण उरणार? मामांची आजी म्हणे पोट फुगलेला मासा परत सोडायला लावायची. कातकऱ्यांची रीत आणखी वेगळी. ओढ्याचा डोह दगडमातीने बांधून घ्यायचा, रामेठ्याची साल किंवा गेळफळं ठेचून पाण्यात कालवायची. मासे गुंगून वर येतात, हवे तेवढे वेचायचे, मग बांध फोडायचा. वाहत्या पाण्याबरोबर ती गुंगी उतरते.

आमचा औद्योगिक पट्टा या बाबतीत बराच पुढे गेला आहे. आम्हाला रामेठा ठेचावा लागत नाही, डोह बांधावा लागत नाही, आणि बांध फोडायचाही प्रश्न नाही. पवनेत आणि इंद्रायणीत मेलेल्या माशांचा खच आल्याची बातमी अधूनमधून येते, पाण्यातला प्राणवायू कमी झाला असं त्यात म्हटलेलं असतं. तो कमी का झाला, हे शोधायला कुणी मातीत मासा काढत नाही. पाच वेळा 'का' विचारायची पद्धत कारखान्याच्या फाटकाशी थांबते.

हीच पवना धरणापासून रावेतपर्यंत धड असते. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यापाशी महापालिका ते शहरासाठी उचलते; तेच 2019 च्या नोव्हेंबरपासून आम्हाला दिवसाआड मिळतं. त्याच्या खाली दापोडीला मुळेला मिळेपर्यंत जे वाहतं त्यात नाले किती नि नदी किती, ते ज्याने त्याने नाकाने ठरवावं. उन्हाळ्यात वर जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरतो. नवीन आलेला माणूस त्याला क्रिकेटचं मैदान समजतो.

आणि तरीही तिथे मासे आहेत! सर्व्हायव्हल कॅम्प खरा तर त्यांचा चालू आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची पाहणी केली आणि 1839 साली मुळा-मुठेतल्या महाशीर माशाचं वर्णन केलं. शास्त्रीय जगात तो 'टॉर खुद्री' नावाने ओळखला जातो. स्वच्छ, खळाळतं, थंड पाणी लागणारा खानदानी मासा. आता त्याची पैदास लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात करावी लागते. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना कुणी गळ लावत नाही, उलट भाविक खाऊ घालतात. तुकोबांच्या गाथेला तारणाऱ्या डोहाचा तेवढा मान अजून आहे. शहरातल्या पाण्यात मात्र टिकले ते वेगळेच. 1952 मध्ये भारतात आणलेली आफ्रिकेची चिलापी, जी पिल्लं तोंडात सांभाळते आणि कमी प्राणवायूत भागवते. आणि दुसरा आफ्रिकन मांगूर, जो थेट हवेतून श्वास घेतो, चिखलात राहतो, मिळेल ते खातो. सरकारने 2000 साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, मांगूरला ती अजून कळलेली नाही. दोघेही बाहेरगावचे, कशाचीही तक्रार नाही, पडेल ते काम. आमच्या पट्ट्यात शेवटी कोण टिकतं, हे या दोघांइतकं कुणाला कळलेलं नाही.

पुढची गंमत अशी, की मुळा-मुठेबरोबर हे सगळं पाणी भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. उजनीच्या चिलापीचा भिगवणला मोठा बाजार भरतो. तिथला माल पुणे-पिंपरीकडेही येतो. आपण जे खाली सोडलं ते कल्ला, खवले आणि मसाला लावून ताटात परत येतं. याला कारखान्याच्या भाषेत 'क्लोज्ड लूप' म्हणतात आणि त्यासाठी ऑडिटमध्ये जादा गुण असतात.

सकाळी मामांनी दोरी ओढली. चार चिलाप्या आणि एक लांबलचक वाम. कॅमेरे धावले. प्रशिक्षकाने शिट्टी वाजवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, प्लँट हेडनी वाम हातात धरायचा प्रयत्न केला आणि वामने तो हाणून पाडला. मामांनी राखेत हात बुडवून ती धरली, म्हणजे बुळबुळ जाते. दगडावर आपटली, पोट चिरलं, आतडी काढून लांब टाकली. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खायचा नाही, त्यात किडे असतात, हे बेअर ग्रिल्सला कुणीतरी कळवायला हवं. हळद, मीठ, तिखट लावून तुकडे निखाऱ्यावरच्या पत्र्यावर पडले, वास सुटला, आणि कुणीतरी म्हणालं, "आज गुरुवार."

विमान पडलेलं, अन्न संपलेलं, बचाव पथकाचा पत्ता नाही, आणि तरी बारांतले सात जण मागे सरले. एकाची दत्ताची पोथी चालू होती, एकाच्या गळ्यात माळ होती, एकाने बायकोला फोन करून विचारलं आणि मग मागे सरला. सेफ्टी ऑफिसरचा शनिवार असतो, पण त्याने सहानुभूती म्हणून सोडलं. उरलेल्यांनी खाल्लं. प्लँट हेडनी काट्यासकट विचार करून एक तुकडा घेतला आणि म्हणाले, "मामा, घरी कळता कामा नये."

होसे साल्व्हादोर अल्वारेंगा नावाचा माणूस 2012 च्या नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून होडीने निघाला, वादळात भरकटला आणि 2014 च्या जानेवारीत प्रशांत महासागर ओलांडून मार्शल बेटांवर लागला. वर्षभराहून जास्त काळ तो मासे, कासवं आणि समुद्रपक्ष्यांवर जगला. हातांनी मासे धरायचा. तो पेशाने मच्छीमार होता. आदल्या शनिवारी कॅम्पला जाऊन आलेला नव्हता.

म्हणून एचआरच्या मंडळींना नम्र विनंती. पुढच्या कॅम्पला लष्करी पँटवाला बोलावू नका. तुमच्याच कँटीनमध्ये, हाउसकीपिंगमध्ये, कंत्राटी कामगारांत मावळातला, खेडमधला, उजनीकाठचा कुणीतरी सापडेल, त्याला दिवसाचं मानधन द्या आणि खुर्चीवर बसवा. आणि वाचकांनो, रावेतच्या बंधाऱ्याखाली धरलेला मासा कुणी ताजा म्हणून दिला तर घेऊ नका. शिजवल्याने जंतू नि किडे मरतात, पाण्यातून अंगात साठलेले जड धातू तसेच राहतात. खायचाच असेल तर धरणाच्या काठी संस्थेच्या माणसाकडून विकत घ्या, गुरुवार सोडून.